मदत घेऊनही माणूस स्वतंत्र कसा? दिव्यांगांच्या स्वतंत्र जगण्याबद्दल सोप्या भाषेत

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं महिन्याचं अनुदान १५०० वरून २५०० रुपये करायचं ठरवलं, आणि बातमी आली तशी कुणी म्हणालं चला बरं झालं, कुणी म्हणालं अजून किती द्यायचं. वाढ हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला अंथरुणातून उठायलाच दुसऱ्याचा हात लागतो त्याच्या खात्यात २५०० जमा झाले तरी सकाळी त्याला उठवणार कोण, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. आणि उठवणारी आई साठीच्या पुढे गेली असेल तर त्या घरात दुसरा एक प्रश्न रोज रात्री झोपताना सगळ्यांच्या डोक्यात असतो, तो कुणी मोठ्याने बोलत नाही एवढंच: आमच्यामागे ह्याचं कसं होणार?

ह्या प्रश्नावर जगात पन्नासेक वर्षं काम चाललंय. आपल्या देशाच्या कायद्यातसुद्धा त्याचं उत्तर लिहून ठेवलंय. बहुतेक घरांपर्यंत ते पोचलेलंच नाही, म्हणून हे लिहितेय.

## आधी मूळ मुद्दा समजून घेऊ

इंग्रजीत ज्याला इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणतात त्याला आपण इथे स्वतंत्र जगणं म्हणू. ऐकलं की वाटतं, दिव्यांग माणसाने सगळं स्वतःचं स्वतः करायचं, कुणाची मदत घ्यायची नाही. ते नाहीये. इथे बघायचं ते एवढंच की मदत कुणाच्या मर्जीने चालते.

असं बघा, गाडीचा मालक मागे बसतो, ड्रायव्हर गाडी चालवतो. मालकाला स्टिअरिंग धरता येत नसेल, क्लच कुठे ते माहीत नसेल, तरी त्याला कुणी बिचारा म्हणत नाही, कारण कुठे जायचं, किती वाजता निघायचं, वाटेत चहाला थांबायचं का, हे तो ठरवतो. आता ह्याच्या उलट करा. ड्रायव्हर त्याला वाटेल तेव्हा येतो, वाटेल तिथे नेतो, आणि वर घरचे सांगतात की आणतोय ना, मग गप्प बस. मदत तीच आहे पण माणूस पार अडकला.

दिव्यांग माणसाच्या बाबतीत हा ड्रायव्हर म्हणजे मदतनीस, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, बाहेर जाणं ह्यात हात देणारा माणूस, जो त्या व्यक्तीच्या सांगण्याप्रमाणे काम करतो. ब्यूरोतून येणारी आया किंवा वॉर्डबॉय सहसा घरच्यांच्या सांगण्यावरून काम करतात, खाटेवरच्या माणसाला विचारत नाहीत. खरा फरक तिथे आहे.

## एका सकाळीचा हिशोब

हे हवेतलं बोलणं वाटायला नको म्हणून एक सकाळ बघू. समजा तिशीतला एक मुलगा आहे, बाईकच्या अपघातात मानेच्या मणक्याला मार बसलाय, छातीच्या खाली काही जाणवत नाही, हात हलतात पण बोटांत पकड नाही. रात्री दर दोन-तीन तासांनी कुणीतरी त्याची कूस बदलायला लागते, कारण एकाच बाजूवर दाब राहिला की बेडसोअर होतो आणि जाणवतच नसल्यामुळे त्याला दुखतही नाही, कळतं तेव्हा जखम खोल गेलेली असते. सकाळी लघवीची पिशवी रिकामी करायची, मग शौचाचा कार्यक्रम, त्यालाच पाऊण तास जातो, मग अंघोळ किंवा स्पंजिंग. अंग पुसताना माकडहाड आणि टाचा नीट डोळ्यांनी बघायच्या, कुठे लाल झालंय का. पँट चढवल्यावर मांडीखालची चुणी हाताने सरळ करायची, एका चुणीनेसुद्धा चामडी सोलते. मग उचलून व्हीलचेअरवर, खाली गादी नीट बसलीय का बघायचं, पाय फूटरेस्टवर.

दीड ते दोन तास गेले. आता हा मुलगा लॅपटॉप उघडून आठ तास काम करू शकतो, पगार आणू शकतो, मित्राकडे जाऊ शकतो. ते दोन तास मिळाले नाहीत तर तो दिवसभर खाटेवर, छताकडे बघत. सकाळचे दोन तास आणि रात्रीचा तासभर एवढ्यावर सगळं अडलेलं असतं. त्यातही मदतनीस आठला यायच्या ऐवजी अकराला आला तर नोकरी गेलीच म्हणून समजा. वेळ त्याच्या हातात असणं हे म्हणून इतकं महत्त्वाचं.

पुण्या-मुंबईत ब्यूरोतून १२ तासांसाठी माणूस ठेवायचा तर महिन्याला पंधरा-वीस हजारांच्या खाली सहसा होत नाही. २५०० त्यापुढे किती हे मी सांगायला नको. पण बघा, ह्या मुलाला १२ तासांचा माणूस नकोच आहे, त्याला तीन तास हवेत, त्याच्या वेळेला, रोज, नेमाने. तसे तासावर मिळणारे आणि ट्रेनिंग घेतलेले मदतनीस आपल्याकडे शोधून सापडत नाहीत, त्यामुळे एक तर पंधरा हजार घाला नाहीतर आईची कंबर मोडा, एवढेच दोन पर्याय उरतात.

## ही कल्पना आली कुठून

अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा होता, १४ व्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर गेलं, श्वासासाठी रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे अंगभर बसणाऱ्या श्वासाच्या मशिनमध्ये झोपायला लागायचं. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेला. ते मशीन मावेल असं हॉस्टेलच नव्हतं, म्हणून त्याची सोय कॉलेजच्या हॉस्पिटलात केली. हळूहळू तिथे त्याच्यासारखी आणखी मुलं आली आणि त्यांना कळलं की आपल्याला काय लागतं ते डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे.

त्यातून १९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग सुरू झालं. ते करायचं काय तर अगदी साधी कामं. मदतनीसांची यादी ठेवणं, व्हीलचेअर दुरुस्त करून देणं, पायऱ्या नसलेली भाड्याची घरं शोधणं, आणि नवीन दिव्यांग झालेल्या माणसाला जुन्या दिव्यांग माणसाशी बोलायला बसवणं. हे शेवटचं फार मोलाचं. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि डॉक्टरने दहा वेळा सांगूनही जे पटत नाही ते व्हीलचेअरवरच्या दुसऱ्या माणसाने एकदा सांगितलं की पटतं. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचंही तसंच झालं, ऐन तारुण्यात पाय गेल्यावर त्यांना उभारी मिळाली ती स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाण ह्यांच्याकडून, आणि पुढे १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली.

एड रॉबर्ट्सचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. सरकारच्या ज्या पुनर्वसन खात्याने एकेकाळी हा काय काम करणार म्हणून त्याला मदत द्यायला खळखळ केली होती, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला.

स्वीडनने ह्याच्या पुढची पायरी गाठली. तिथे १९९४ पासून कायदा लागू आहे, त्यात जास्त आधार लागणाऱ्या माणसाला आठवड्याला किती तास मदत लागते ते मोजतात आणि तेवढ्या तासांचे पैसे सरकार देतं. मदतनीस कुणाला ठेवायचं ते तो माणूस ठरवतो, पटत नसेल तर बदलतो.

## आपल्या कायद्यात काय आहे

बरंच आहे, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. दिव्यांगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला, त्याचं १९ वं कलम ह्याच विषयावर आहे. त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ मध्ये म्हटलंय की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, आणि घरपोच सेवा, राहण्याची सोय, मदतनीस हे तिला मिळावं, तेही वय आणि स्त्री-पुरुष हे लक्षात घेऊन. हा शेवटचा भाग बायकांसाठी किती महत्त्वाचा आहे ते वेगळं सांगायला नको, अंघोळ घालायला बाईच हवी ना.

कलम ३८ मध्ये अजून एक वाट आहे. ज्याला रोजच्या जगण्यात खूप आधार लागतो त्याने, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, मग एक मंडळ तपासून कुठला आधार लागतो ते लिहून देतं. ही सोय ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्यांसाठी आहे. कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे.

मग अडलंय कुठे? कलम ५ मध्ये सेवा देण्याबद्दल लिहिताना सरकार प्रयत्न करेल अशी भाषा आहे. प्रयत्न करेल म्हटलं की कोर्टात जाऊन हात धरणं अवघड होतं, आणि बजेटमध्ये त्याच्या नावाने वेगळी रक्कम टाकायची घाई कुणाला नसते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, हे चांगलंच झालं, पण मोहल्ल्यात, वाडीवर तासाने मिळणारा मदतनीस अजून दिसत नाही आणि मला वाटतं ह्या विभागाचं पहिलं काम तेच असायला हवं.

## "पण आई आहे ना?"

आहे. आणि तिच्यावरच सगळं चाललंय. पण आईला सुट्टी नाही, आजारपण नाही, तिची स्वतःची नोकरी कधीच सुटलेली असते आणि पगार शून्य. शिवाय पस्तीस वर्षांच्या मुलाला अंघोळ आईने घालायची, त्याच्या मित्राचा फोन आला तरी आई खोलीत, ह्यात त्या मुलाचंही काही आहे की नाही? प्रेम असलं म्हणून सगळं चालतं असं नसतं. बाहेरचा मदतनीस आला तर आई परत आई होते, दोघांचं नातं सुटसुटीत होतं.

केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला सरकार थोडा भत्ता देतं, रक्कम लहान आहे, पण घरी बसून जे चाललंय ते काम आहे एवढं तरी त्यातून मान्य होतं.

## "संस्थेत ठेवलं तर जास्त सेफ नाही का?"

हा प्रश्न आईबाप अगदी मनापासून विचारतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या काळात दुसरं दारच उघडं नव्हतं त्या काळात चांगल्या संस्थांनी हजारो मुलांना शाळा दिली, हॉस्टेल दिलं, हाताला काम दिलं. पण संस्थेत उठायची वेळ, जेवायची वेळ, दिवा बंद करायची वेळ सगळ्यांची एक, आणि भेटायला कुणी येत नसेल तर आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. सेफ्टी खरी कशात असते तर रोज चार माणसं आपल्याला बघतात ह्यात. दुकानदार विचारतो, काल दिसला नाहीस.

अमेरिकेत लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन ह्या दोघींना डॉक्टर म्हणत होते की आता बाहेर राहू शकतात, तरी जॉर्जियातल्या सरकारी हॉस्पिटलातच ठेवलं होतं. १९९९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरज नसताना असं कोंडून ठेवणं हा भेदभाव आहे. आपल्याकडेही चेन्नईच्या द बॅनियन संस्थेने २०१५ पासून मानसिक आजारातून सावरलेल्या, वर्षानुवर्षं हॉस्पिटलात पडून राहिलेल्या लोकांना चार-पाच जण मिळून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहायला दिलं, मदतीला एक माणूस, बाकी बाजार, स्वयंपाक, शेजार सगळं नेहमीसारखं.

## "ज्याला कळतच नाही तो काय ठरवणार?"

बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या व्यक्तीबद्दल हे लगेच बोललं जातं. कळत नाही म्हणजे काय कळत नाही, हे आधी बघू. बँकेचा फॉर्म कळत नसेल, पण कुणाजवळ बसल्यावर बरं वाटतं, कुठला ड्रेस हवा, कुठल्या काकांच्या घरी जायचं नाही, हे तिला पक्कं कळतं, आणि ते ऐकलं नाही तर ती ओरडते, मग आपण म्हणतो बघा त्रास देते. आधार देऊन निर्णय घेणं म्हणतात ते एवढंच, फोटो दाखवून विचारणं, दोन्ही जागी चार-चार दिवस राहून बघू देणं, घाई न करणं, आणि तिला ओळखणारी दोन-तीन माणसं सोबत असणं.

कायदासुद्धा हेच म्हणतो. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक काळापुरतं, तेही त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, पालक आणि ती व्यक्ती दोघांनी मिळून. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज जातो, आणि त्याच ट्रस्टचा निरामय नावाचा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. कागद करताना सगळे अधिकार एका भावाच्या नावावर कायमचे टाकून मोकळं होऊ नका, एवढं मी कळकळीने सांगेन.

## "पैसे कुठून आणायचे, आणि शेजाऱ्यांचा काय संबंध?"

दोन्ही एकत्रच घेते कारण उत्तर एकमेकांत गुंतलंय. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. ह्यातल्या प्रत्येकाला पगारी मदतनीस लागत नाही. कुणाला फक्त रॅम्प लागतो, कुणाला बस थांब्यापर्यंत सोबत, कुणाला मोबाईलवरचं पत्र वाचून दाखवणारं. रॅम्प नसेल तर उचलायला दोन माणसं लागतात, रोज. रॅम्प एकदाच बांधायचा.

आता रॅम्पचंच बघा. नियम आहे १ ला १२, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. बिल्डिंगच्या दाराशी सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार पुरतो. दोन फूट जोतं असेल तर चोवीस फूट लागतात, मधे वळणाला सपाट जागा. सोसायट्यांमध्ये होतं काय, की पैसे वाचवायला दोन फूट जोत्याला आठ फुटांचा घसरगुंडीसारखा रॅम्प बांधतात, त्यावर गुळगुळीत टाइल्स लावतात, आणि शेवटी तिथे स्कूटी पार्क होतात. व्हीलचेअर ढकलणारा बाप त्यावर घसरला की म्हणायचं, बांधून दिला तरी वापरत नाहीत. मीटिंगमध्ये हे ऐकून माझं डोकं फिरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी ह्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिव्यांगांना जागा वापरता येण्याचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक किमान नियम करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा निकाल नावानिशी सांगा.

माणसांच्या मदतीचं उदाहरण परत केरळचंच. १९९३ मध्ये कोझिकोडला वेदना कमी करणाऱ्या उपचारांचं काम सुरू झालं आणि पुढे मलप्पुरम भागात ते शेजाऱ्यांच्या हातात गेलं. रिक्षावाले, शिक्षक, कॉलेजची मुलं थोडं ट्रेनिंग घेतात, आठवड्यातले काही तास अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जातात, नर्स त्यांच्या मागे असते, मणक्याला मार लागलेले लोकही त्यात येतात. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यावर धोरणच केलं आणि पंचायतींना त्यात घेतलं. आपल्याकडे गणपतीत तीस पोरं रात्र रात्र मंडपात राबतात, त्यातल्या पाच जणांना व्हीलचेअरवरून उचलायचं कसं हे शिकवायला एक दुपार पुरते. पण सगळं फुकटच्या सेवेवर टाकू नका, कंटाळा येतो, परीक्षा येतात, माणसं पांगतात. सकाळचे ते दोन तास पगारी माणसाचेच हवेत, शेजार हवा सोबतीला आणि लक्ष ठेवायला.

पगारासाठी पैसा आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा आपल्या राज्यात नियम आहे. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाच्या शेवटी घाईघाईत वस्तू वाटून किंवा थोडे थोडे पैसे देऊन संपवतात, फोटो निघतो. एका गावचा ५ टक्के छोटाच असतो हे खरं, पण शेजारच्या चार गावांनी मिळून दोन मदतनीस ट्रेनिंग देऊन ठेवले, एक बाई एक पुरुष, आणि ते सकाळी ठरलेल्या घरी जाऊन आले, तर गावातल्या बाईला कामही मिळेल. त्या दोघांच्या वेळा कशा लावायच्या हे मात्र ज्यांच्या घरी ते जाणार त्यांनीच बसून ठरवायचं.

पुढच्या ग्रामसभेत, शहरात असाल तर वॉर्ड ऑफिसला, लेखी विचारा: मागच्या वर्षी ५ टक्के म्हणजे रुपये किती झाले, त्यातले खर्च कशावर झाले, आणि ते ठरवताना गावातल्या किती दिव्यांग व्यक्तींना विचारलं. अर्जाची पोच घ्या. सोबत कलम ३८ खाली आधारासाठी अर्ज कुठल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा तेही त्याच कागदावर विचारा, आणि जमलं तर अर्ज द्यायला त्या व्यक्तीलाच घेऊन जा, सही किंवा अंगठा तिचा असू दे.